टाय रॉड सोडवला की बूट फाटतो: जॉइंट न दुखावता काढायला कोणतं हत्यार घ्यावं

तक्रार बहुतेक वेळा याच चालीनं येते. काही महिन्यांपूर्वी क्लच झालेला असतो, किंवा ड्राइव्ह शाफ्टचा बूट (जॉइंटवरचं रबरी आवरण) बदललेला असतो, किंवा शॉकअप टाकलेले असतात. काम नीट झालं, गाडी गुपचूप चालली. मग एक पावसाळा जातो आणि पुढून आवाज सुरू होतो. स्पीड ब्रेकरवर 'टक', खराब रस्त्यावर खडखड, स्टिअरिंग हातात जरासं सैल. गाडी वर घेतली की टाय रॉड एंड, म्हणजे स्टिअरिंगचा रॉड चाकाकडे जिथं जोडतो तो जॉइंट, मेलेला सापडतो. मालक म्हणतो, "याला तर कुणी हातच लावला नव्हता." लावलेला असतो. क्लचसाठी शाफ्ट काढायचा तर नकल (चाक ज्यावर बसतं तो जाड तुकडा) बाजूला घ्यावा लागतो, नकल बाजूला घ्यायचा तर अनेक गाड्यांत टाय रॉड सोडवावा लागतो. तो सोडवताना त्या जॉइंटच्या बुटाला चीर पडते आणि कुणाच्या लक्षात येत नाही. ग्रीस हळूहळू बाहेर, चिखल-पाणी आत. पुढचं काम पाऊस करतो.

मग नवा जॉइंट पडतो. पुढच्या वर्षी दुसरं काही काम निघतं, तेच हत्यार, तीच पद्धत, पुन्हा तोच जॉइंट. दोष मात्र "पार्टची क्वालिटी राहिली नाही" यावर जातो. कधी तसंही असतं. पण आधी फाटलेला बूट नीट बघा, तो सगळं सांगतो. वयानं गेलेल्या बुटावर घड्यांमध्ये सगळीकडे बारीक भेगा असतात, रबर कोरडं आणि कडक झालेलं असतं. हत्यारानं फाटलेल्या बुटाचं बाकी रबर मऊ, काळंभोर असतं आणि मानेपाशी, म्हणजे स्टड (जॉइंटचा दांडा) जिथून बाहेर येतो तिथं, एकाच बाजूला सरळ काप असतो. त्याच्यासमोर नकलच्या कानावर चकचकीत घासल्याची खूण असेल तर शंकेला जागाच नाही. (नकलचा कान म्हणजे ज्या भोकात स्टड बसतो त्याच्या भोवतीचा जाड भाग. पुढे हाच शब्द वापरतो.)

हत्यार निवडण्याआधी दोन गोष्टी ठरल्या पाहिजेत. तो जॉइंट धरून कशानं ठेवलाय? आणि काढल्यावर तोच परत बसवायचाय की भंगारात टाकायचाय? यांची उत्तरं न घेता दुकानात गेलात तर दुकानदार जे समोर असेल ते देतो.

आधी धरण्याची गोष्ट. पुढच्या सस्पेन्शनमध्ये आणि स्टिअरिंगमध्ये ढोबळमानानं तीन प्रकार भेटतात.

पहिला टेपर. टाय रॉड एंड जवळजवळ सगळ्या गाड्यांत याच प्रकारचा. स्टड निमुळता, कानातलं भोकही तेवढंच निमुळतं, आणि नट त्याला आत ओढून घट्ट बसवतो. इनोव्हा, स्कॉर्पिओसारख्या डबल विशबोन (वर-खाली दोन आर्मच्या) गाड्यांत वरचे-खालचे बॉल जॉइंटही टेपरवरच असतात.

दुसरा पिंच बोल्टचा. मारुतीच्या लहान गाड्यांचा लोअर आर्म घ्या: अल्टो, वॅगन आर, स्विफ्ट. बॉल जॉइंटचा स्टड सरळ गोल असतो, त्याला एक खाच असते, नकलला फट असते आणि आडवा बोल्ट त्या खाचेतून जाऊन फट आवळतो. इथं टेपर नाही, स्टडचं टोक दाबायला मिळत नाही, त्यामुळे कुठलाही पुलर इथं उपयोगाचा नाही. तरी स्विफ्टचा लोअर आर्म बदलायचा म्हणून बॉल जॉइंट पुलर विकत घेणारे लोक सतत दिसतात. पैसे वाया, आणि तो कुठेतरी अडकवून ओढायच्या नादात शाफ्टचा बूट फाटतो तो वेगळाच.

तिसरा स्टॅबिलायझरचा लिंक रॉड. त्यात साधारणपणे सरळ आट्यांचा स्टड आणि नट एवढंच. नट निघाला की काम झालं. त्रास असतो तो नटाबरोबर स्टड फिरण्याचा. त्यासाठी स्टडच्या टोकाला एलन कीचं भोक किंवा बुटामागे पान्यासाठी सपाट कडा दिलेल्या असतात. टोक वायर ब्रशनं आणि टोकदार खिळ्यानं साफ करून एलन की पूर्ण आत बसवा, मग रिंग पान्यानं नट फिरवा. भोकात माती असताना एलन की अर्धवट बसवली तर भोक गोल होतं आणि मग नट कापण्याशिवाय गत्यंतर राहत नाही. इथं हातोड्याचं काहीच काम नाही.

आता टेपरकडे, कारण खरी मारामारी तिथंच आहे.

नट काढल्यावरही स्टड बाहेर का येत नाही? गंज हे एक कारण, पण एकमेव नाही. अगदी नवा कोरा जॉइंट बसवून, नट आवळून लगेच काढायला गेलात तरी तो हातानं निघणार नाही. लेथवर काम केलेल्यांना हे वेगळं सांगायला नको: टेलस्टॉकमध्ये टेपर शँकचा ड्रिल नुसता ढकलून बसवतात, तरी तो धरून राहतो. गाड्यांमध्ये 1:10 किंवा 1:8 असे टेपर वापरतात. 1:10 म्हणजे 10 मिलिमीटर लांबीला जाडी 1 मिलिमीटरनं वाढते. अशा टेपरची एका बाजूची तिरप 4 अंशांच्याही आत असते. एवढ्या कमी कोनात घर्षण नेहमी जिंकतं, म्हणून टेपर स्वतःच स्वतःला धरून बसतो. याची चांगली बाजू अशी की तो एकदा केसभर जरी सरकला तरी सगळाच्या सगळा मोकळा होतो. म्हणजे आपल्याला लांबवर ओढायचं नाही. पहिली एक-दोन केसांची हालचाल घडवायची आहे, बस. त्यासाठी तीन मार्ग आहेत: मधे पाचर घालून उचकटणं, स्टडच्या टोकावर दाब देऊन ढकलणं, किंवा कानाला धक्का देऊन भोक क्षणभर सैल करणं. बाजारातलं प्रत्येक हत्यार या तिघांपैकीच एक काम करतं.

पाचर मारणारं हत्यार म्हणजे पिकल फोर्क. बेचक्याच्या आकाराची जाड लोखंडी पाचर, मागे लांब दांडा. स्वस्त, मजबूत, आयुष्यभर टिकणारं. बेचकं बूट आणि कान यांच्या मधे घालायचं आणि मागून हातोड्यानं ठोकायचं. जसजसं आत जातं तसतसं जाड होत जातं आणि जॉइंट उचकटला जातो. काम शंभर टक्के होतं. बूटही बहुतेक वेळा जातो, कारण ज्या फटीत पाचर शिरते ती फट बुटाच्या मानेनंच भरलेली असते. रबराला पळायला जागाच नसते. शिवाय ठोक्याचा सगळा मार बॉल आणि त्याच्या कपावर बसतो. म्हणून फोर्कबद्दल माझं मत सरळ आहे: जॉइंट भंगारातच जाणार असेल तर खुशाल वापरा, परत बसवायचा असेल तर पेटीतच राहू द्या. काही जण बुटाला ग्रीस चोपडून, फोर्कच्या कडा घासून, हळूहळू ठोकतात. त्यानं कधी कधी बूट वाचतो. पण 'कधी कधी'वर गिऱ्हाइकाचं स्टिअरिंग सोडायचं का, हा प्रश्न आहे.

फोर्क वेगवेगळ्या रुंदीचे येतात. टाय रॉडसाठी साधारण 17-18 मिलिमीटर, बॉल जॉइंटसाठी 24 च्या आसपास, जीप-ट्रकच्या पिटमन आर्मसाठी (स्टिअरिंग बॉक्सवरचा आर्म) 29 च्या आसपास. रुंद फोर्क अरुंद स्टडवर घातला तर तो कानाऐवजी बॉलच्या घरावर कडेनं टेकतो आणि घरच वाकवतो. फोर्क घ्यायचाच असेल तर निदान मापाचा घ्या.

दाब देणाऱ्या हत्यारांत तीन-चार तऱ्हा आहेत, आणि निवड खरं तर इथंच करायची आहे.

सगळ्यात उपयोगी कात्री पद्धतीचा सेपरेटर. दोन जाड पट्ट्या मधे एका खिळीवर जोडलेल्या. पुढे एक पट्टी बेचक्यासारखी फाटलेली, ती बूट आणि कान यांच्या मधे जाते. दुसरीचं टोक स्टडवर टेकतं. मागच्या बाजूला लांब बोल्ट आवळला की पुढची तोंडं एकमेकांकडे येतात आणि स्टड सरळ दाबला जातो. बेचक्याची पट्टी इथं ठोकून घालायची नसते, हातानं सरकवायची असते, म्हणून बूट वाचतो. बऱ्याच सेपरेटरमध्ये खिळीसाठी दोन भोकं असतात, जॉइंट उंच असेल तर खिळी बदलून तोंड जास्त उघडतं. ही सोय असलेलाच घ्या. एकाच हत्यारात टाय रॉड आणि लहान गाडीचा बॉल जॉइंट दोन्ही निघतात.

दुसरा एकसंध पुलर: इंग्रजी सी सारखा धातूचा तुकडा, एका टोकाला बेचकं, दुसऱ्या टोकातून बोल्ट. स्वस्त म्हणून खूप खपतो. जागा अरुंद असेल तिथं कात्रीपेक्षा हाच बसतो. पण बोल्ट स्टडच्या बरोब्बर मध्यावर आला नाही तर दाब तिरका पडतो, पुलर घसरतो आणि घसरताना बुटावरूनच जातो. शिवाय यातले स्वस्त पुलर ओतीव असतात. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात ज्यांचं येणं-जाणं आहे त्यांना कास्टिंग (ओतीव) आणि फोर्जिंग (तापवून ठोकून घडवलेलं) यांतला फरक डोळ्यांनी कळतो. बाकीच्यांसाठी खूण अशी की ओतीव तुकड्यावर वाळूच्या साच्याचा खरबरीत पोत दिसतो आणि साच्याच्या जोडाची बारीक, उंच रेघ असते. फोर्जिंगच्या तुकड्यावर जोड असला तर रुंद, सपाट छाटलेला असतो. ठिसूळ कास्टिंग ताणाखाली वाकत नाही, ते एकदम तुटतं आणि तुकडा उडतो. चांगलं फोर्जिंग आधी वाकून सूचना देतं.

तिसरा दोन जबड्यांचा साधा गिअर पुलर. तो प्रत्येक गॅरेजात असतोच, म्हणून लोक आधी तोच लावतात. कान मोठा, चौकोनी, दोन्ही बाजूंनी मोकळा असेल तर चालून जातो. पण बहुतेक कान गोल आणि उतरते असतात. जबडे त्यावरून घसरतात, वरचं काहीतरी खरचटतं आणि माणसाच्या बोटांवर येतं. पिटमन आर्मसाठी जाड, एकसंध, खास पुलर मिळतो. जुन्या जीपवर काम असेल तरच तो घ्या.

आणि एक सावधगिरी. 'बॉल जॉइंट टूल' म्हणून मोठ्या पेटीत सी आकाराचा भला मोठा क्लॅम्प आणि वेगवेगळ्या व्यासाच्या नळ्या, चकत्या मिळतात. ते सेपरेटर नाही. होंडाच्या बऱ्याच गाड्यांत बॉल जॉइंट नकलमध्येच दाबून बसवलेला असतो; तो संपूर्ण दाबून बाहेर काढायला आणि नवा दाबून बसवायला ती पेटी असते. त्यातसुद्धा आधी टेपर सोडवायला सेपरेटर लागतोच. ऑनलाइन मागवताना फोटोवर भुलून ही पेटी घरी येते आणि मग टाय रॉडला ती लावायची कशी हे कुणालाच कळत नाही.

विकत घेण्याआधी मापं घ्या. कॅलिपर नसेल तर स्टीलची पट्टी पुरे. पहिलं माप बुटाच्या मानेपाशी स्टडचा व्यास. बेचक्याची फट त्यापेक्षा एक-दोन मिलिमीटर मोठी हवी, त्याहून फार मोठी नको. लहान गाड्यांच्या टाय रॉडला साधारण 18 ते 20 मिलिमीटरचं तोंड चालतं, मोठ्या गाड्यांच्या बॉल जॉइंटला 23-24 किंवा जास्त. दुसरं माप उंचीचं: बुटाच्या बाजूचा कानाचा पृष्ठभाग ते स्टडचं टोक, नट टोकाशी ठेवून. सेपरेटरचं तोंड तेवढं उघडलं पाहिजे आणि थोडी चाल शिल्लक राहिली पाहिजे. तिसरं माप लोक विसरतात: बेचक्याच्या पट्टीची जाडी. बूट बोटानं बाजूला दाबून फटीत पट्टी घालून बघा. कितीतरी सेपरेटर तोंडाला इतके जाड असतात की ते सरकतच नाहीत, आणि मग माणूस वरून ठोकतो. ठोकला की तो सेपरेटर राहिला नाही, फोर्क झाला.

चौथी गोष्ट मापाची नाही, जागेची. हत्यार जॉइंटवर बसल्यावर त्याच्या बोल्टवर पाना फिरायला जागा आहे का? डिस्कची पत्रा ढाल आणि शाफ्टचा बूट नेमके आडवे येतात. स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण फिरवून बघा, निम्मे प्रश्न तिथंच सुटतात.

नवा सेपरेटर आणला की आधी बेचक्याच्या आतल्या कडा कानशीनं मारून गोल करा. कारखान्यातून त्या धारदारच येतात. टोकाकडची जाडीही थोडी उतरती केली तर फटीत सरकायला सोपं जातं. फार खाऊ नका, पट्टी कमकुवत होईल. बोल्टवर 10.9 असा ताकदीचा आकडा असेल तर बरं, 8.8 असेल तर तो जास्त जपून वापरावा लागेल. आट्यांना आणि बोल्टच्या टोकाला ग्रीस हवंच. आणि सेपरेटरच्या बोल्टवर इम्पॅक्ट गन लावू नका. त्यानं बोल्टचे आटे जातात, आणि जॉइंट किती ताणाखाली आहे हे हाताला कळायचं राहून जातं.

कामाचा क्रम असा ठेवा. स्प्लिट पिन काढा, नट सैल करा पण काढू नका. टोकाशी एवढाच राहू द्या की त्याची कड आणि स्टडचं टोक समपातळीत येईल. कॅसल नट (पिनसाठी खाचा असलेला) असेल तर उलटा करून लावा, म्हणजे सपाट बाजू बाहेर येते आणि हत्याराला टेकायला जागा मिळते. याचे दोन फायदे: दाबाखाली स्टडचे आटे चेंबत नाहीत, आणि टेपर सुटल्यावर आर्म किंवा हत्यार अंगावर उडत नाही. जोडाच्या जागी गंज सोडवणारं तेल मारून थोडा वेळ द्या. आधल्या रात्री मारलंत तर उत्तम. बुटावर ग्रीसचं बोट फिरवा, बेचकं हातानं सरकवा, बोल्ट स्टडच्या मध्यावर आणा आणि पान्यानं आवळत जा.

इथं आवाजाकडे लक्ष ठेवा. बोल्ट आधी सहज फिरतो, मग जड होतो, मग करकरू लागतो. बूट कुठे चिमटतोय का, बेचकं तिरकं होतंय का हे दर अर्ध्या फेऱ्याला वाकून बघायचं. पुष्कळदा इथंच 'टण्ण' असा आवाज होतो आणि पाना एकदम सैल पडतो. सुटला. तो आवाज मोठा असतो, नवीन पोऱ्या दचकतोच.

नाही सुटला तर? लोक इथं चूक करतात ती पाना लांब करण्याची. पाइप घालून आवळत राहिलं की बोल्ट वाकतो किंवा पट्टी फाकते. त्याऐवजी ताण तसाच ठेवा आणि साधारण किलोभराच्या हातोड्यानं कानाच्या बाजूवर एक-दोन ठोके द्या. बूट, स्टड, नट यांना नाही. कानाच्या जाड भागावर, स्टडला आडवा. धक्क्यानं भोक क्षणभर लांबट होतं आणि आधीच ढकलला जाणारा टेपर तेवढ्यात सुटतो. दाब आणि धक्का एकत्र असले की दोन्ही थोडे-थोडेच लागतात. पलीकडच्या बाजूला दुसरा जड हातोडा किंवा घण टेकवून धरला तर ठोका वाया जात नाही.

नुसत्या हातोड्यानं, सेपरेटरशिवाय, टाय रॉड काढणारे जुने मिस्त्री आहेत आणि ते बूट फाडत नाहीत, हेही खरं. त्यांचा हात बसलेला असतो आणि ते कानावरच मारतात. पण याला एक मोठी अट आहे: कान बिडाचा किंवा पोलादाचा हवा. आताच्या अनेक महागड्या गाड्यांत नकल आणि आर्म अॅल्युमिनियमचे असतात. खिशात लोहचुंबक ठेवा, लावून बघा. चिकटला नाही तर हातोडा खाली ठेवा. अॅल्युमिनियमवर ठोक्यानं खड्डा पडतो, भोक कायमचं वाकडं होतं, किंवा डोळ्याला न दिसणारी भेग राहून जाते. तिथं फक्त दाबाचं हत्यार, तेल आणि वेळ. गॅसचा बर्नर तर कुठेच नको. बूट आणि आतलं ग्रीस जळतं, प्लास्टिकचा कप वितळतो, पोलादाचं पाणी उतरतं. बंद जॉइंट जास्त तापला तर फुटून अंगावर येऊ शकतो.

कधी कधी हत्यार लावायच्या आधीच एक वेगळीच अडचण उभी राहते: नट अर्धा सैल होतो आणि मग त्याच्याबरोबर स्टड फिरायला लागतो. म्हणजे टेपर सुटलाय, पण आटे गंजलेत. इथं उलटं करायचं, टेपर परत घट्ट बसवायचा. खालून जॅक लावून जॉइंटला वर दाबा, किंवा वरून टॉमीनं (लोखंडी दांड्यानं) दाबा, किंवा सी क्लॅम्पनं स्टड कानात आवळा. स्टड धरला की नट फिरतो. नायलॉकच्या (आत नायलॉनची रिंग असलेल्या) नटाला हे जास्त होतं. बसवताना हाच त्रास आला तरी उपाय हाच.

पिंच बोल्टच्या जॉइंटचं तंत्र वेगळं आहे आणि थोडक्यात सांगण्यासारखं आहे. बोल्ट पूर्ण बाहेर काढा. तो खाचेतून जातो, अर्धा जरी राहिला तरी स्टड हलणार नाही. मग नकलच्या फटीत रुंद छिन्नी हळूच बसवून फट केसभर उघडा. केसभरच, पोलादाचा नकल फाकवून ठेवला तर नंतर बोल्ट कितीही आवळा, पकड पहिल्यासारखी येत नाही. तेल मारा, लोअर आर्मवर लांब पहार टेकवून खाली दाबा आणि दाबता दाबता नकल डावी-उजवीकडे हलवा. दोन्ही पुढची चाकं जमिनीवरून उचललेली असू द्या, नाहीतर स्टॅबिलायझर बार आर्मला वर ओढत राहतो आणि आपण त्याच्याशीच कुस्ती खेळत बसतो. फोक्सवॅगन-स्कोडाच्या गाड्यांत शॉकअप नकलच्या फटीत आवळलेला असतो. ती फट उघडायला लांबट टोकाची खास बिट मिळते, आत घालून पाव फेरा फिरवायची. छिन्नीपेक्षा कितीतरी सभ्य हत्यार आहे, मारुतीवरसुद्धा अंदाजानं वापरता येतं.

ऑडी ए4 च्या वरच्या आर्मचा पिंच बोल्ट हे या सगळ्यातलं वेगळंच प्रकरण. लांब पोलादी बोल्ट, अॅल्युमिनियमचा नकल, आणि दोघांच्या मधे पाण्यानं वाढलेला पांढरा गंज. तो ठोकून काढायच्या नादात नकल फुटला तर खर्च आर्मच्या कितीतरी पट. तेल मारून काही दिवस थांबा, बोल्ट आधी फिरता करा, फिरता झाला की मगच बाहेर ढकला. सवय नसेल तर ते काम करणाऱ्याकडेच द्या.

आणि हे वगळून पुढे जाऊ नका: डबल विशबोनच्या गाडीत बॉल जॉइंट सोडताना खालच्या आर्मखाली जॅक हवाच. इनोव्हासारख्या गाडीत आख्ख्या स्प्रिंगचा जोर त्या जॉइंटनं धरून ठेवलेला असतो. टॉर्शन बारच्या (स्प्रिंगऐवजी पिळला जाणारा दांडा असलेल्या) गाडीतही तसंच. नट काढून टेपर सुटला आणि खाली आधार नसला तर आर्म खाली आदळतो, त्याच्या वाटेत हात किंवा डोकं असेल तर विचारू नका. गाडी स्टँडवर, आर्म जॅकवर, नट टोकावर. टाय रॉडमध्ये असा जोर नसतो, म्हणूनच टाय रॉडवर हात बसलेला माणूस बॉल जॉइंटवर बेफिकीर होतो.

मग पहिलं हत्यार कोणतं घ्यायचं? घरी स्वतःच्या गाडीचं काम करणाऱ्यानं कात्री पद्धतीचा, दोन खिळीभोकांचा, 19-20 मिलिमीटर तोंडाचा सेपरेटर घ्यावा. एवढ्यात हॅचबॅक आणि सेडानची बहुतेक कामं होतात. गॅरेजवाल्यानं त्याच्या जोडीला मोठ्या तोंडाचा एक आणि अरुंद जागेसाठी फोर्जिंगचा एकसंध पुलर ठेवावा. फोर्क शेवटी, तोही भंगार जॉइंटपुरता. आणि मारुतीचा फक्त लोअर आर्म करायचा असेल तर काहीच घेऊ नका, चांगली लांब पहार आणि छिन्नी घरात असतेच.

कित्येकदा टेपर सोडवायची गरजच नसते, हेही तपासा. फक्त शॉकअप बदलायचे आणि ते नकलला दोन बोल्टनी जोडलेले असतील तर टाय रॉडला हात न लावता काम होतं. पोलोसारख्या काही गाड्यांत बॉल जॉइंट आर्मला तीन बोल्टनी लावलेला असतो. शाफ्ट काढायला ते तीन सोडले की पुरे, टेपर आहे तसा राहतो. काढण्याआधी मार्करनं जागेची खूण करा, म्हणजे परत त्याच ठिकाणी बसेल.

परत बसवताना टेपर आणि भोक दोन्ही कोरड्या फडक्यानं स्वच्छ पुसा. तेल-ग्रीस तिथं नको. ग्रीस लावलेला टेपर त्याच आवळणीत जास्त आत शिरतो आणि पुढच्या वेळी काढताना दुप्पट त्रास देतो. लहान गाड्यांच्या टाय रॉडचा नट साधारण 40 ते 50 न्यूटन-मीटरला आवळतात. आपल्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये बघून घ्या. कॅसल नटाची खाच पिनच्या भोकासमोर आली नाही तर नट पुढेच न्यायचा, मागे सोडायचा नाही. स्प्लिट पिन नवी, नायलॉक नट नवा. सोडवताना बुटाला बारीक चीर पडलीच असेल आणि जॉइंट आतून कोरा असेल तर नुसता बूट सुटा मिळतो. जुनं ग्रीस पुसून, नवं भरून, तारेच्या रिंगनं बसवता येतो. पण चिरेतून चिखल आत गेलेला दिसला तर बुटावर पैसे घालू नका, जॉइंटच बदला. टाय रॉड एंड रॉडवरून फिरवून काढला असेल तर आधी चेक नटाची जागा रंगानं खुणा आणि फेरे मोजून ठेवा, म्हणजे अलाइनमेंटच्या दुकानापर्यंत गाडी सरळ जाईल.